नखांतला गुलाबी रंग

बुधवार, संध्याकाळ

तीनदा हात धुतले, तरी नखांतला गुलाबी रंग निघून न्हाई राह्यला. डोकं नुसतं तापलंय.

अर्धी सुट्टी टाकून संतोषसोबत सरकारी दवाखान्यात गेल्तो. माझा जिवलग दोस्त, माझ्यासारखाच पुरुषांत जीव अडकलेला. त्याचा एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. तिथल्या मॅडम म्हणल्या, "औषधं चालू केली की तब्येत बराबर राहील. पण एचआयव्ही लागूच नये म्हणून आधीपासून रोज घ्यायची गोळी असते. प्रेप म्हणतात. माहीत नव्हतं?"

संतोष म्हणला, "कोण सांगणार होतं मॅडम? तुमच्या पोस्टरवर तर नवरा-बायकोच हायेत."

मॅडमनी औषधांची चिठ्ठी लिहायला घेतली.

मी एमआयडीसीत दिवसभर मशीनवर बियाण्याला औषध लावतो. लावलेलं ओळखू यावं म्हणून त्यात हा गुलाबी रंग. पेरायच्या आधी औषध लावायचं, हे आमच्या घनसावंगीचं शेंबडं पोरही सांगंल. मंग माणसालाच सगळं नंतर का सांगता रे?

पण खरं लिहू? प्रेप हे नाव मी ऐकल्तं. मागच्या वर्षी पुरुषांच्या डेटिंग ॲपवर पुण्याच्या एकानं लिहिलं, 'मी एचआयव्हीसाठी प्रेपची गोळी रोज घेतो.' पुढचं मी वाचलंच न्हाई. रोगी समजून ब्लॉक केलं. वरून संतोषला बजावलं, "असल्यांपासून लांब राह्य."

इतकी वर्षं गुलाबी बी हातातून जाऊन राह्यलं. त्याला मी कधी रोगी म्हणलो का?