झऱ्याच्या तोंडचे दगड

१२ मार्च, सोमवार
जार भरायची शेड

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. पुढे ‘इकडे सर्व कुशल’ लिहायला घेतलं आणि पेन तिथेच अडलं, तेव्हा ते राहू दे. तुझा खोकला कसा आहे? शहरातलं खाणं सोसतंय ना? उद्या इस्पितळाच्या साहेबांसमोर इस्त्रीचा सदरा घालून जा. नाहीतर पाण्याचा करार करायलाही गुडघ्यांना माती लावून उभा राहशील.

काल फोनवर तू विचारलंस, “सगळं ठीक?” आणि मी “हो” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? शेजारी तुझी लेक चिमी उभी होती, हसत होती. म्हणून आज हे पत्र. जावयाच्या हाती देते आहे. त्याच्याकडे एक सीलबंद जारही आहे. त्यातलं पाणी कुणी पिऊ नये.

आधी चांगलं सांगते. वरच्या उतारावर लावलेला बांबू कमरेएवढा झालाय. खालच्या तळ्यावर बदकं उतरू लागलीत. आपली जमीन परत मिळाली तेव्हा जंगलखात्यातला तो जाडा साहेब म्हणाला होता ना, “या लोकांना काय जमणार?” त्याच्याच घरी आता आपले जार जातात. लेबलं लावणारीने स्वतःच्या कमाईतून आईचे डोळे करून आणले. म्हातारी आता सगळ्यांच्या साड्यांचे रंग ओळखत फिरते. हे सगळं तुझ्यामुळे झालं, दादा. हे मी मनापासून लिहिते आहे. पुढचं वाचताना हे विसरू नकोस.

शेडमागच्या हौदातून सांडलेलं झऱ्याचं पाणी पिणाऱ्या शेळ्या गाभडल्या, करडं पोटातच गेली. आधी एक, मग दुसऱ्या दोन. मी म्हटलं, पाला बाधला असेल. मग झाकणं लावणारीचं पोट पडलं, ते तुला ठाऊक आहे. तू तिला भेटायला गेला होतास. त्यानंतर लेबलवालीचंही पडलं. ते तुला कळवलं नाही. तिनेच सांगू नका म्हटलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं होतं कधीकधी. होतं खरंच. पण मी मनात मोजत राहिले: तीन शेळ्या, दोन बायका.

तुला आठवतं, झऱ्याचं तोंड मोकळं केलं तो दिवस? सगळी वस्ती जमली होती. तू पहिला घाव घातलास. आपल्या आज्यांचं पाणी खात्याने कोंडून ठेवलं होतं, ते आज सुटलं, असं तू म्हणालास आणि बायकाही रडल्या. मी पण रडले. पण तुझी पहार दगडात शिरली तेव्हा मी तुझ्या मागेच होते. दगडाची निमुळती बाजू आत, मध्ये चिकणमाती, तिच्यात गवत कालवलेलं. खात्याचा माणूस असा दगड लावतो का? तो सिमेंट ओततो. असा दगड बाबा लावायचे. आपल्या घराचं जोतं तसंच आहे. मी तुला म्हटलं, “दादा, हे आपल्याच हातचं काम दिसतंय.” तू हसून म्हणालास, “भागूबाई, दगडालाही भितेस?” सगळे हसले. मीही हसले.

थोरली काकू तेव्हा लेकीकडे होती. परवा तिला इकडे आणलं. अंथरुणातून उठवत नाही, पण जीभ अजून धारदार आहे. मी कौतुकाने सांगितलं, वरचा झरा आम्ही सोडवला. तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, “कुणी उघडला गं? आम्ही बुजवला होता तो!”

मग सांगत गेली. तेव्हा पुरुष माणसं दूर कामाला, सणावाराला तेवढी घरी येत. खालची विहीर आटली म्हणून बायका वरच्या झऱ्यावर जाऊ लागल्या. पाणी काचेसारखं, चवीला गोड. पावसानंतर काही व्हायचं नाही. उन्हाळ्याच्या तोंडी पाणी उतरलं की बाधायचं. खडकातलं काय विरघळतं ते तिला माहीत नाही. दोन वर्षं वस्तीत एकही पाळणा हलला नाही. तिचे स्वतःचे दोन गेले. मग बायकांनीच दगड वाहिले, बायकांनीच माती कालवली आणि झऱ्याचं तोंड बंद केलं. पुरुष परत आले तेव्हा त्यांना सांगितलं, झरा आटला.

“आम्हाला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

“पोटातल्या पोटात गेलेल्यांचं कुणी सांगत बसतं का? आणि तुम्ही विचारलंत कधी?”

खरंच नाही विचारलं. जमिनीच्या दाव्यासाठी नकाशा करताना तू घरोघर फिरलास, एकूण एक म्हाताऱ्याला ओसरीवर बसवून ऐकलंस. म्हाताऱ्या आत चूल फुंकत होत्या. त्यांना आपण फक्त चहा मागितला. यात मीही आलेच की, कप धरून बसायला मी होते.

आणि पाण्याची तपासणी झाली ती पाऊस सरल्या सरल्या, झरा भरून वाहत असताना. कागद चोख आहे. तो तू उद्या साहेबांना दाखवणार आहेस.

हे सगळं मला परवा कळलं. काल रविवार, शेड बंद. फोनवर तुला सांगायचं ठरवलं होतं, आणि “हो” म्हणाले. त्या एका “हो”चं काय झालं ते आता लिहिते. घाईत लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर जावयाकडून वाचून घे. नको, त्याच्याकडून नको. तूच वाच.

तुझाच नियम आहे ना, टेम्पो निघायच्या आधी ज्याची बारी असेल त्याने सगळ्यांसमोर तांब्याभर पाणी प्यायचं. आपण पितो तेच विकतो. लेबलवालीचं झाल्यापासून चिमीची बारी आली की मीच पुढे होऊन पीत होते. कधी म्हणायचे तुला सर्दी आहे, कधी म्हणायचे मला तहान लागली. आज सकाळी तिने तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

“आत्या, माझी बारी दरवेळी तू का पितेस?”

“तुला सर्दी आहे.”

“महिनाभर सर्दी? बाबांच्या पाण्यात खोट आहे असं म्हणायचंय का तुला?”

समोर झाकणवाली आणि लेबलवाली उभ्या होत्या. दादा, कारण सांगायचं तर त्यांच्या तोंडावर सांगावं लागलं असतं, की बायांनो, तुमची बाळं याच तांब्याने नेली. मी तांब्याकडे हात नेला आणि मागे घेतला. चिमीने तांब्या एका दमात रिकामा केला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून हसली. थेट तुझ्यासारखी.

तुला अजून कुणी सांगितलं नाही. तू करार करून आलास की तोंड गोड करून सांगायचं, असं तिच्या मनात होतं. तुझी लेक पोटुशी आहे.

त्यानंतर मी काय केलं ते मलाच नीट आठवत नाही. व्हॉल्व्ह बंद केला, त्याचं हँडल काढून पदरात बांधलं आणि फिरून सगळ्या बायकांना काकूचं बोलणं सांगितलं. झाकणवाली मटकन खाली बसली. लेबलवालीने पहिला जार उपडा केला. भरलेले जार आम्ही तिथेच ओतले. चिमीला डॉक्टरीणबाईंकडे पाठवलंय, जावयालाही सगळं सांगितलंय. तो रिकामा टेम्पो घेऊन तुझ्याकडे निघतोय. वस्तीच्या समितीची माणसं बाहेर दार ठोठावतायत. म्हणतायत, वेड लागलंय हिला, उद्या करार आणि आज पाणी बंद! खातं टपूनच बसलंय, जमीन परत घेतील. घेतीलही. त्याचीही भीती वाटते. बाजारात याआधी गेलेल्या जारांचा विचार तर करवतच नाही. पण सगळ्यात जास्त भीती मला तुझी वाटते. तू चिडशील त्याची नाही. हे वाचून तू खाली बसशील, त्याची.

उद्या सही करू नकोस. त्या इस्पितळात बाळंतिणींचा वॉर्ड आहे. जार तपासायला दे आणि ताबडतोब ये. येताना पहार नको आणूस. दगड आम्ही बायकाच लावतोय, निमुळती बाजू आत. काकूला खाटेसकट वर नेऊन बसवलंय, ती सांगतेय तसं. माझं चुकलं असेल तर तूच तुझ्या हाताने पुन्हा काढ. हे पत्र देऊन मीही तिकडे जाते; मी चुकलेली असू दे, असंच म्हणत दगड उचलेन.

हँडल तुझ्याशिवाय कुणाला देणार नाही.

तुझी,
भागूबाई