मेडशीला बोटंच नाहीत

१ सप्टेंबर, सकाळी १०
आजपासून रोजनिशी. मोठ्या कामाची नोंद राहिली पाहिजे. पुढे कुणी विचारलंच, तर तारखा हाताशी हव्यात.

काम असं : माउसशिवाय कर्सर चालवणारा पॅड. खाली तांब्याच्या पट्ट्यांची जाळी, वर अ‍ॅक्रिलिकची शीट. किती बोटं टेकली ते पॅड स्वतः मोजणार. एक बोट टेकलं की कर्सर हलेल, दोन टेकली की पान वरखाली, तीन टेकली की मागच्या पानावर. लॅपटॉपवर असतं तसंच, पण हा पाटाएवढा, खेड्यातल्या माणसासाठी. त्याला बारीक काही समजत नाही. पुण्यात चौदा महिने टेक्निकल सपोर्टला होतो, तेव्हा फोनवरून रोज हेच अनुभवलं. पुणं मी स्वतः सोडलं. कंपनीनेही त्याच आठवड्यात सोडायला सांगितलं, हा योगायोग.

३ सप्टेंबर
लॅबसाठी गोठ्यालगतची खोली मागितली. बाबा म्हणाले, सोयाबीन घरात येतवर खोली तुही. पुढे म्हणाले, "स्टँडवरल्या अनमच्या सेंटरवर तुहा डब्बा चालला, तं सोयाबीन मी कुठंबी ठेवतो. नाई चालला, तं विळा घेऊन सोंगाले ये." मी लगेच कबूल. विळ्याची भीती आयडिया नसलेल्या माणसाला.

बाबा पॅडला डब्बा म्हणतात. आता सगळी मेडशी म्हणेल. या गावाला बाबांचा शब्द लगेच पटतो, का ते कळत नाही.

५ सप्टेंबर, दुपार
अनमच्या सेंटरवर गेलो. कापडवाल्या फय्याज सेठची ही मुलगी स्टँडजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देते. सातबारा, पीकविमा, सगळं. समोर रांग. तिला समजावलं की लोक पॅडवर बोट फिरवून आपला सातबारा आपणच काढतील, रांगच राहणार नाही. ती म्हणाली, "हरीओमभाऊ, माउस हाय ना. चालते लोकाईले." मी नुसता हसलो. मुलगी हुशार आहे, पण नजर स्टँडच्या पलीकडे जात नाही.

शेवटी तयार झाली. अठ्ठावीस तारखेला तिच्या गिऱ्हाइकांच्या हाताने पॅड चालला, तर सहा पॅड घेणार. माझ्या हाताने चालवून दाखवू का, असं विचारलं. म्हणाली, तुमचा सातबारा कुठं काढाचा हाय.

९ सप्टेंबर
पॅड जिवंत झाला. तीन बोटं टेकवली, स्क्रीनवर ठळक ३. दोनला २. एकाला १. शंभर वेळा केलं, शंभर वेळा बरोबर.

बोट टेकल्यावर किती सिग्नल आला म्हणजे ते बोट मानायचं, यासाठी एक माप लागतं. माझ्या बोटाचं माप धरलं. दुसऱ्या कुणाचं धरणार? फाइलला नाव दिलं : आदर्श बोट.

१२ सप्टेंबर
आईला बोलावलं. तीन बोटं ठेव म्हटलं. ठेवली. स्क्रीनवर ०. परत ०. म्हणाली, "माह्या हाताले पीठ असन," आणि हात धुऊन आली. परत ०. पस्तीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईला तीन बोटं सपाट जागेवर टेकवता येऊ नयेत? तिच्यासाठी वाईट वाटलं.

वहीत तक्ता आखला. नाव, बोटं, कारण. पंचफुलाबाई (आई), ०, लक्ष नाही.

१४ सप्टेंबर
आजचा तक्ता :
तुळसाबाई (शेजारीण, निंदायला जाते), ०, भीती.
लखमा (गवंडी), ०, जोर जास्त.
किसनसिंग (तांड्यावरून दूध आणतो), तीनपैकी १, घाई.
अनम, ३.
मी, ३.
शिकलेल्या माणसाला जमतं, हे सिद्ध झालं. दोष कुठे आहे तेही स्पष्ट झालं. आपल्या लोकांना बोटांची शिस्त नाही.

१६ सप्टेंबर
बोट शिबिर घेतलं. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लिहिली होती : हात स्वच्छ धुवावेत, नखं कापावीत, बोटं फुलासारखी टेकवावीत. चारजण आले. त्यातला एक गुरांच्या लसीसाठी आला होता, पण शेवटपर्यंत बसला. तुळसाबाईने विचारलं, "फुलासारखी म्हंजे कशी बाबू?" मी करून दाखवलं. ३ आले. तिने केलं. ०. किती वेळा दाखवायचं?

ओल्या हाताने करायला लावलं. लखमाची तीन मोजली गेली. आनंद झाला. मग त्याने हात उचलला आणि स्क्रीनवर ४ आले. पॅड पाण्याचे थेंब मोजत होता. लखमा म्हणाला, "पान्याले जमलं भाऊ." याच्यासारख्यांसाठी मी डोकं झिजवतोय.

१९ सप्टेंबर
अनम चार्जर मागायला आली होती. पॅड बघितला, तक्ता वाचला. विचारलं, "भाऊ, हे कोनाच्या बोटावर सेट केलं?" माझ्या, म्हटलं. तिने माझ्या हाताकडे पाहिलं. "तुमच्या बाबाच्या बोटावर सेट करून पाहा ना." मी सांगितलं, बंद घड्याळ पाहून कुणी आपलं घड्याळ लावत नाही. ती म्हणाली, "ठीक हाय." म्हणजे पटलं.

२२ सप्टेंबर, सकाळी ११
गावाची दया आली म्हणून पॅड जास्त संवेदनशील केला. खोलीत कुणी नसताना ५ बोटं. चार्जर लावला, ७. गाईने खिडकीतून तोंड आत घातलं, ९. कर्सर वेडा झाला, लॅपटॉपने पुण्याच्या जुन्या साहेबांना कोरी मेल पाठवली. उत्तर आलं नाही. तो माणूस आधीपासूनच उद्धट.

माप पुन्हा माझ्या बोटावर आणलं. गुणवत्तेत तडजोड नाही.

२७ सप्टेंबर
उद्या सेंटरवर. तयारी पूर्ण. भाषणाचे मुद्दे काढले. निंदण संपल्याने लोकांच्या हातांना आराम मिळालाय, त्यामुळे निकाल चांगला येईल. इस्त्रीचा शर्ट. बाबांनी आज विळ्यांना धार लावली. माझ्यासमोर मुद्दाम.

२८ सप्टेंबर, संध्याकाळी ६
सविस्तर लिहितो. पुढे कुणी तिखटमीठ लावायला नको.

बाजाराचा दिवस, सेंटरबाहेर पंधरा-वीस माणसं. मी आधी स्वतः चालवून दाखवला. एक, दोन, तीन. चूक नाही. लोक गप्प होते. मी ते कौतुक समजलो, आणि होतंच.

मग अनमने गिऱ्हाइकं बोलावली. पहिला, ०. दुसरा, ०. तिसरी तुळसाबाई, बाजाराला आली होती, ०. एकाने कोपर टेकवून पाहिलं, ते मोजलं गेलं. लोक हसले. मी म्हणालो, बोटं नीट ठेवत नाही तुम्ही. तुळसाबाई म्हणाली, "नीटच ठेवून राह्यलो बाबू. तुह्या डब्ब्याले आमी दिसतच नाई."

तेवढ्यात बाबा आले. मी बोलावलं नव्हतं. सरळ येऊन पॅडसमोर बसले आणि तीन बोटं ठेवली. ०. मी म्हणालो, बाबा, नीट. त्यांनी बोटं उचलली, धोतराला पुसली, परत ठेवली. ०. परत पुसली. आता बोटांकडे पाहत होते, बोटंच चुकली असल्यासारखे. तिसऱ्यांदा पुसली, तेव्हा मला बघवेना. मी स्क्रीनकडे पाहिलं. तिथे ०.

अनमने माउस त्यांच्या हाताखाली सरकवला. बाबांना वेळ लागला. कर्सर दोनदा कोपऱ्यात जाऊन बसला. पण पाच मिनिटांत स्वतःच्या शेताचा सातबारा उघडला आणि गट नंबर मोठ्याने वाचला. लोकांनी त्यांचं कौतुक केलं. माउसचं. एकोणीसशे कितीतरी सालातल्या वस्तूचं.

घरी येईपर्यंत बाबा माझ्या पुढे चालत होते. दारात म्हणाले, "परवापासून सोंगनी."

निष्कर्ष : पॅड उत्तम. सँपल निकृष्ट.

३० सप्टेंबर
सोंगणीला गेलो. शब्द दिला होता म्हणून. याकडे मी फील्ड रिसर्च म्हणून बघतो. शेतकऱ्याची बोटं इतकी बेशिस्त का, ते जवळून अभ्यासता येईल.

सोयाबीनच्या शेंगांना टोकं असतात. हे कुणी सांगितलं नव्हतं.

१ ऑक्टोबर
हात भाजल्यासारखे. हातमोजे मागितले. मजूर बायका दहा मिनिटं हसत होत्या. अशाने आधुनिकता येत नाही.

४ ऑक्टोबर
तुळसाबाई माझ्या दोन ओळी पुढे. तिला सवय आहे. सवय म्हणजे कौशल्य नव्हे. तिने परत येऊन माझी उरलेली ओळ कापली. मी मागितलं नव्हतं.

९ ऑक्टोबर
फोड फुटले. आईने हळद भरली. पेन धरवत नाही.

१५ ऑक्टोबर
मळणी. धूळ. अंघोळ दोनदा.

१७ ऑक्टोबर
पोती माझ्या लॅबमध्ये. पॅड पोत्यांवर ठेवलाय. बाबा म्हणाले, ओली जागा नाई ना, पाह्य. त्यांना काळजी आहे, पण बोलायची रीत नाही.

२६ ऑक्टोबर
दिवाळी झाली. पुन्हा जोमाने लागायचं. मेडशीत संशोधन वाया जातं हे मान्य करून बाहेर बाजार शोधायचा. जऊळक्याला मुबश्शिर नावाचा सेंटरवाला आहे, अनमच्या ओळखीचा. तिने स्वतःहून त्याला माझ्याबद्दल सांगितलं. म्हणाली, "एकदा दाखवून तं पाहा भाऊ." तिला उशिरा कळलं, पण कळलं.

३ नोव्हेंबर
मुबश्शिर शनिवारी येतो. बाबांना सांगितलं. ते म्हणाले, जमलं तं खोली तुहीच, हरभरा आनखी कुठं ठेवू. या वेळी विळ्याची अट घातली नाही.

८ नोव्हेंबर, दुपारी १
मुबश्शिर आला. पांढरा शर्ट, स्वच्छ बोलणं. पंचवीसेक वर्षांचा. शहाणा माणूस दिसला. पॅड पुसून समोर ठेवला. बाबा ओसरीवर विळे बांधून ठेवत होते, कान इकडे.

त्याला म्हटलं, ठेवा बोटं. त्याने ठेवली. ३. दोन ठेवली. २. कर्सर लोण्यासारखा. तो खूश झाला. म्हणाला, जऊळक्यात चार तरी लागतील, आणि त्याचा मामा मानोऱ्याला आहे त्यालाही दाखवतो. मी तक्ता उघडणार होतो. तेवढ्यात तो म्हणाला, "भाऊ, तीन बोटानं मागं कसं जाते, तुमी करून दाखवा ना. मले नीट समजते."

मी तीन बोटं टेकवली. ०.

हात पुसला. परत ०. फुलासारखी टेकवली. ०. एकेक करून ठेवली. एकदा १ येऊन गेला.

मुबश्शिर वाकून माझ्या हाताकडे बघत होता. मग फार अदबीने विचारलं, "शेती करता का भाऊ तुमी?"

मी नाही म्हणणार होतो. पण ओसरीवरून बाबाच म्हणाले, "करते ना. यंदापासूनच लागला. चांगला लागला." बाबांनी माझ्याबद्दल चांगला म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. मुबश्शिर चहा पिऊन गेला. चार पॅडचं परत बोलला नाही.

दुपारी ४
शांतपणे तपासलं. पॅड खराब झालाय, यात शंका नाही. पोत्यांची ओल लागली असणार. माझ्या बोटांचा प्रश्नच येत नाही, ती आदर्श आहेत. दुरुस्ती हरभरा पेरून झाल्यावर.

उद्या सहाला उठायचंय.