विहिरीवरचा दुपट्टा

३ फेब्रुवारी
पीयूष! पीयूष! आज कॉलेजात सर दुसरं नावच घेत नोते. आमच्या प्रोजेक्टात एका बोर्डावर दोन प्रोसेसर, मेमरी एकच. मातीतल्या ओलाव्याचा आकडा त्याचा प्रोसेसर लिहिते, माहा स्क्रीनवर दाखवते. दोघं एकदमच मेमरीत घुसले की आकड्यांची खिचडी! पीयूषनं तोड काढली — मेमरीत एक खूण. नाव काय, तर 'दुपट्टा'. ज्याच्यापाशी दुपट्टा, त्यानंच आत जायचं. काम झालं की वापस टांगायचा.
सर म्हणे, "वा! कसं सुचलं रे?"
कसं म्हणजे? आमच्या गावी, रोहण्याच्या विहिरीवर हेच तर चालते! माहे बाबा अन् त्याचे बाबा सख्खे भाऊ. विहीर एक, मोटर एक. स्टार्टरच्या खांबावर दुपट्टा असला तर घ्यायचा अन् मोटर लावायची. नसला तर गुमान घरी. वावर सुकलं तरी कोणी बटन दाबत नाई. विहीर माहीबी आहे ना! मले काऊन नाई सुचलं?

५ फेब्रुवारी
नागपूरले ट्रेनिंगसाठी एकच जण जाणार. प्रोजेक्ट पाहून नाव पक्कं. आई म्हणे, "पीयूषचंच होईन, हुशार पोरगा आहे." सख्खी आई! जळून राह्यलो नुसता.

८ फेब्रुवारी
केलं. माह्या कोडातली दुपट्टा वापस टांगायची ओळ उडवली. माहा प्रोसेसर घेईन, सोडणार नाई. त्याचा बसंन वाट पाहत. लोक म्हणतीन, पीयूषचंच अटकलं. म्हणू दे!

९ फेब्रुवारी
अटकलं. सेन्सर ओल्या मातीत खुपसला तरी आकडा हालेना. पीयूष घामाघूम. "धनू, तुह्याकडून काई चुकलं का, पाह्य ना."
मी म्हटलं, "माहं तं बरोबर आहे."
मजा आली. खरंच आली. घरी येताना बसमध्ये तो आपलाच कोड तपासत बसला.

१० फेब्रुवारी
सरांनी बोलावलं. नागपूरसाठी माहंच नाव होतं! मागच्या हप्त्यात पीयूषनंच सांगतलं होतं — "धनंजयले पाठवा सर, त्याले लय इच्छा आहे." आता प्रोजेक्टच फसलं, कोणीच जाणार नाई.
उठलो तर सर म्हणे, "पीयूषनं सकाळी तुझा कोड पाहिला. काही बोलला नाही."

११ फेब्रुवारी
सकाळी कवाड उघडलं. विहिरीवरचा दुपट्टा आमच्या कडीले टांगून. बाबा म्हणे, "पीयूष ठेवून गेला. म्हणे, राहू द्या तुमच्यापाशीच."
पीयूषच्या वावरातले वांगे अजून बिनपाण्याचे, कोरडेच आहेत.