आपल्या दुसऱ्या पुस्तकाची सुधारणा

दोस्ता भिका,

तू गेल्याले तीन आठवडे झाले. लिहाचं मनात नव्हतं, पन काल अमरावतीले तुही शोकसभा झाली. तिथं जे पाह्यलं ते तुलेच सांगाव लागते. दुसऱ्या कोनाले सांगू?

सभा घेतली कोनं? राजापेठेतल्या आपल्या प्रकाशकसाहेबानं. हार त्याचा, फोटो त्याचा, रडूही त्याचंच. भिकाजी म्हणजे वऱ्हाडी मातीचा हुंकार, असं म्हने. जित्या मानसाले कधी खुर्ची देली नाई, मेल्यावर माती म्हनून मोकळा.

पहिलं पुस्तक आठवते नं? धम्मदीक्षेले दोन वर्सं झाली होती. जलशात तू सवाल टाकाचा, मी जवाब देवाचो. गावोगावून बोलावनं येवाचं. साहेबानं गानी छापून देतो म्हनून वही नेली. तू लेहेलं होतं:

पानी कावून अलग, सांग पाटला,
तहान तं सारखीच मले नं तुले.

छापून आलं, 'सांग मानवा'. मलेचं मला केलं, तुलेचं तुला केलं, ते केलंच. पन पाटलाले त्यानं असं साफ सोडवलं का वकिलालेही जमलं नसतं.

आन तू? तू तं खुश! छापलेलं नाव घरोघर दाखवत फिरला. मले तवा राग आला होता. आजही येते.

मंग दर्यापूरच्या जलशात एका म्हाताऱ्यानं लेकीकडून ते गानं वाचून घेतलं आन तुले इचारलं, हा मानव कोन्या गावचा? तुही मान खाली गेली. दुसरं पुस्तक जसं बोलतो तसंच काढू, हे तू तिथंच ठरवलं. तरी वही पयले साहेबाकडंच नेली तू! त्यानं दोन पानं चाळली. ही भाषा चावडीवर ठीक, पुस्तकात शोभत नाही, म्हने.

शेवटी अकोल्याच्या लहानशा छापखान्यात आपनच छापलं. 'माह्या-तुह्या' इतके होते का छापखान्यातले 'ह्या' अक्षराचे खिळे सरले, जुळवनारा हासत दुसरीकडून मागून आनाले गेला. सखूवयनीनं घरी दाभनानं पानं शिवली. एकाही दुकानानं ठेवलं नाई. आपन जलशात तरटावर मांडून इकलं, अन लोकायनं पाठ केलं.

काल साहेबानं त्याच पुस्तकाचं भरपूर कौतुक केलं. मंग म्हने, स्मरणार्थ याची सुधारित आवृत्ती काढू. परवानगीचा कागद तयारच होता. वयनीपुढं ठेवला, बाजूले अंगठ्यासाठी शाईची डबी ठेवली.

वयनीनं हात पदरातून काढला नाई. हळूच म्हनाली, "त्याईचं पुस्तक बिमार नव्हतं, साहेब. सुधारता कायले?"

साहेबानं चष्मा पुसला, कागदाची घडी केली आन चहा आना म्हने. चहावर भागवलं गड्यानं! मी मनातल्या मनात नाचलो.

अकोल्याच्या मोटारीत बसलो तवा नाच थांबला.

भिका, मी कोन्या तोंडानं साहेबावर थुकू? त्या दुसऱ्या पुस्तकात मीही सुधारलं होतं. तू लेहेलं होतं, 'माह्या बापानं ओढलं मेलं ढोर.' छापाच्या आधी पानं तपासाले मी बसलो. शाळेत मास्तर झालो होतो नं! आपन ते काम सोडलं, आता पोरायनं हे कायले वाचाव, असं वाटलं. मी केलं, 'माह्या बापानं सोसलं दुःख घोर.' दुःख घोर! साहेबालेही याच्याहून भिकार सुचलं नसतं.

छापलेलं पान पाहून तू भांडला नाई. येवढंच इचारलं, "तुले माह्या बापाची लाज वाटली काय रे?"

मी म्हटलं, यमक चांगलं बसते.

त्याच्यानंतर तू दर जलशात ढोरच गात रायला आन मी बाजूले उभा राहून जवाब देत रायलो. माफी मांगाले सात-आठ वर्सं होती मले. मांगली नाई. त्या साहेबाहून मी कुठी मोठा?

आता आयक. वयनीले इचारून हे पुस्तक मी पुन्हा छापीन, अकोल्यातच. ते पान सोताच्या हातानं जुळवीन. ढोर ओढनारा तुहा बाप त्या पानावर परत येईन. आन खाली ठसठशीत अक्षरात छापीन: ही ओळ सुदाम मास्तरानं लाजेपायी बदलली होती.

तुहा,
सुदाम