म्हातारी नदी आणि आमचं शेततळं

१४ मे, वडनेर
माझ्या उजव्या चपलेचं आज दुःखद निधन झालं. उन्हानं फाटलेल्या वावराच्या भेगेत पाय गेला. पाय निघाला, पट्टा निघाला नाही. एक दिवसाचा दुखवटा पाळावा, एवढीच माझी मागणी. बंड्या, सख्खा धाकटा भाऊ, पोट धरून हसला.
कारण त्याचं शेततळं सुरू झालंय. आमची विहीर दिवाळीनंतर तळ दाखवते, म्हणून गहू कधी घेतलाच नाही. यंदा घेणारच म्हणतो. जागा सखल निवडली. ‘पाणी आपसूक जमते, ताई.’

१६ मे
मुक्ता आली. माझी लेक, नागपूरला भूगर्भशास्त्र शिकवते. लग्नाच्या पंगतीत शिरावं तशी खड्ड्यात उतरली.
तळाशी रेती-गोटे, शिंपले. म्हणजे नदी इथून वाहायची! वर पांढऱ्या चुनखड्यांचा थर. ‘हिमयुगातला, आई. बर्फ नव्हता इथं, पण पाऊस आटला होता.’ मग पाऊस परतला, नदी खोल गेली, पलीकडे सरकली. सगळ्यात वरची काळी माती मात्र अर्धी माणसांची: कुणी चढावरचं जंगल तोडलं, नांगरलं, ते वाहून इथं आलं. त्यात खापराचा तुकडा. त्याच्या काठावर अंगठ्याचा ठसा. माझा अंगठा बरोब्बर बसला. दिवसभर उगीच खूश.
मुक्ता : मामा, खाली रेती आहे. पाणी टिकणार नाही.
बंड्या : एवढं खोदलं तं आता बुजवू काय?

२२ जुलै
तळं काल काठोकाठ. बंड्यानं पेढे वाटले. आज निम्मं. पेढे परत मागता येत नाहीत.

३ ऑगस्ट
पुन्हा भरलं, पुन्हा गेलं. बंड्या जेवला नाही. ‘मले वाटलं होतं, यंदा तरी घरचा गहू...’ एवढंच. माझ्याकडे टोमणे तयार होते. गिळले.

२६ ऑक्टोबर
शेजारच्या वावराची गिरजाबाई दारात.
‘काऊन बे बंड्या, माह्या विहिरीत काय सोडलं तू? दोर लागत नाई, वाकून पाणी घेऊन राह्यली मी!’
‘काकू, ते माहं पाणी हाय!’
‘मंग ने पदरात बांधून.’
मुक्ताला फोन. ती हसतच सुटली. जुनी नदी तळ्याखालून निघून थेट गिरजाबाईच्या विहिरीकडे जाते म्हणे. वरून बुजली, आतून रस्ता चालूच.
बंड्याचं तोंड पाहून म्हातारी गिरजाबाई विरघळली. ‘मोटर माही, पाइप तू आणजो. दोघंई गहू पेरू.’
बंड्या दोनदा जेवला.

१७ नोव्हेंबर
पेरणी. ओंबी भरेपर्यंत पाणी पुरेल का, मुक्तालाही सांगता येत नाही. ‘नदी म्हातारी आहे, आई.’ बंड्या मात्र गाणी म्हणतोय.
आमच्या नि गिरजाबाईच्या मधल्या बांधावरून, धुऱ्यावरून, एकेकाळी बैलजोडी जायची. आता बकरीही विचार करून जाते. बंड्या दरसाल नांगराची एक ओळ, एक तास, तिकडं सरकवतो. भूगोल घडतो तो असाही.
तो बियाणं आणायला गेला, तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्याला म्हटलं, धुऱ्याकडचे दोन तास न पेरता सोड.
‘भाऊ रागावतीन ना, बाई.’
‘भाऊले मी पाहून घेतो.’
त्यानं सोडले. गिरजाबाई पलीकडे पाइप जोडत होती.