लाल टॅग

चंडीगड, डिसेंबर २००५. शनिवार, संध्याकाळ.

विमान कंपनीच्या गोल्ड कार्डाला माझी एकच विमानफेरी कमी पडतेय. फॅक्टरीतले बेदीजी आठवडाभर मागे लागलेत, "मॅडम, यूँही दिल्ली हो आओ, कार्ड पक्का!" त्यांच्या बॅगेला कार्डासोबतचा तो लाल टॅग असतो, सामान आधी मिळण्याचा. घरीसुद्धा काढत नाहीत. खोटं कशाला बोलू, मलाही तो हवा होता.

आज दोघं कामासाठी दिल्लीला निघालो, तर धुक्यामुळे विमान रद्द. बेदीजींनी काउंटरवर कार्ड पुढे केलं. तिथली मुलगी गोड हसून म्हणाली, "सर, कोहरा तो सबके लिए है।" मग काय, घरी परतताना झिरकपूरच्या जॅममध्ये दोघं एकाच टॅक्सीत. डिकीत लाल टॅग माझ्या बॅगेखाली!

तिथेच ठरलं. कार्डासाठी उगाचची फेरी नाही. कामासाठी पुण्याला जाते, तिथून परतताना या कार्डवाल्या विमान कंपनीमुळे दिल्लीत मुक्काम पडतो. दुसऱ्या कंपनीचं विमान त्याच संध्याकाळी घरी पोचवतं. मग मी कुणाशी निष्ठा ठेवायची?

मिनीला सांगितलं, तर लेक म्हणते, "मतलब डिनर पे आप घर पे होगी?" होय बाई, होणार.

आणि टॅग? मिनीच्या शाळेची लाल रिबन बांधली बॅगेला. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यावर लांबूनच ओळखू येईल.