नरवाईचा धूर कोणत्या चॅप्टरात?

मंगळवार, १५ एप्रिल. संध्याकाळ.

चार बॅच घेतल्या, घसा पार बसलाय. भंवरकुआंच्या क्लासमध्ये आज वायुप्रदूषण शिकवलं, उद्या क्लायमेट चेंज. दोन चॅप्टर, दोन वेगळ्या नोट्स. इतकी वर्षं असंच चाललंय.

शेवटच्या बाकावरची, बेटमा गावाहून येणारी मुलगी उठली. "मॅडम, आमच्याकडे गेहूं निघाला की शेतात उरलेली खुंटं, नरवाई, जाळतात. तो धूर कोणत्या चॅप्टरमध्ये लिहायचा?"

मला उत्तर येत होतं. त्या धुरातली काजळी छातीत जाते, आणि हवेत तरंगत तीच ऊन शोषून हवा तापवते. पाच मिनिटं लागली असती. मी म्हणाले, "पहिल्यात लिही बेटा, एग्जाममध्ये तेच विचारतात." तिनं तसंच लिहून घेतलं. ते लिहून घेणंच खुपतंय.

घरी आले तर गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर नरवाईची काळी राख. ह्यांनी कूलर लावला, तर तो बाहेरचा धूरच आत ओढायला लागला. बंद केला तर जीव नकोसा करणारी गरमी. "अरे यार, एक काहीतरी सहन कर ना," हे म्हणाले. एक काहीतरी म्हणे. दोन आहेत कुठे?

राख सुपलीत घेऊन सवयीनं डब्यांपाशी गेले. गीला की सूखा? कचरा वेगळा करण्यात आम्ही इंदूरवाले हुशार. मग सूख्यात टाकली आणि झाकण लावलं.

दुपारी त्या मुलीपुढेही मी हेच केलं होतं.